बफेलो जिंकत नाही म्हणे!

न्यू जर्सीत राहणारा माझा मावसभाऊ जानेवारीत बिल्स, म्हणजे बफेलोचा अमेरिकन फुटबॉल संघ, हरले की न चुकता फोन करतो. "ताई, तुमच्या गावाच्या पत्रिकेतच दोष आहे गं. एखादी शांत तरी करून घ्या." न्यू यॉर्क राज्यातल्या या बफेलोत राहून अकरा वर्षं झाली, असले टोमणे आता अंगवळणी पडलेत. बरं, तो अगदीच खोटं बोलतो असंही नाही. बिल्सनी 1991 ते 1994 असे सलग चार सुपर बोल, म्हणजे त्या खेळातल्या लीगचे अंतिम सामने, गमावले. बर्फावरच्या हॉकीतले सेबर्स 1970 पासून खेळताहेत, पण विजेत्याचा स्टॅन्ली कप एकदाही घरी आला नाही. 2012 ते 2025 या 14 हंगामांत तर त्यांनी बाद फेरीचंही तोंड पाहिलं नाही.

पण सेबर्सच्याच स्टेडियममध्ये, त्याच मालकाचा आणखी एक संघ खेळतो. बफेलो बँडिट्स. खेळ बॉक्स लॅक्रोस. विजेतेपदं सात: 1992, 1993, 1996, 2008 आणि मग 2023, 2024, 2025 अशी ओळीने तीन.

"ते धरत नाहीत गं," इति भाऊ.

कोण धरत नाही? माझं सगळं भांडण या दोन शब्दांशी आहे.

1992 च्या जानेवारीत बिल्स सलग दुसरा सुपर बोल हरले. त्याच वर्षी बँडिट्स पहिल्यांदा मैदानात उतरले आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाला जादा वेळेत 11-10 असं हरवून कप घेऊन आले. पुढच्या जानेवारीत सुपर बोलमध्ये डॅलसने बिल्सना 52-17 असं धुतलं, आणि बँडिट्स त्या हंगामात एकही सामना हरले नाहीत. बँडिट्स खेळतात त्या नॅशनल लॅक्रोस लीगच्या इतिहासात तसं पुन्हा कोणाला जमलेलं नाही. ओळीने 22 सामने जिंकले होते तेव्हा. म्हणजे ज्या वर्षांमुळे हे गाव रडकं म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं, त्याच वर्षांत इथे कपही येत होते.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॉकीच्या रिंगणात बर्फावर हिरवा गालिचा अंथरतात. प्रत्येक बाजूला पाच जण आणि एक गोलकीपर. हा गोलकीपर अंगावर दोन गाद्या बांधून उभा असल्यासारखा दिसतो, आणि त्याच्यामागचं गोलजाळं जेमतेम चार फूट उंच. हातात टोकाला जाळी असलेली काठी, चेंडू भरीव रबराचा. चेंडू हाती आला की 30 सेकंदांत गोलवर मारायचा, म्हणजे कबड्डीच्या एका चढाईइतकाच वेळ. धक्काबुक्की नियमात बसते, मारामारीला पाच मिनिटं बाहेर बसवतात. पहिल्यांदा गेले तेव्हा अर्धा वेळ चेंडू कुठे आहे हेच कळत नव्हतं. शेजारच्या नारिंगी जर्सीतल्या आजी मात्र पंचाला ज्या शिव्या घालत होत्या, त्या सगळ्या कळल्या.

खेळाचा हा बंदिस्त अवतार 1930 च्या सुमाराचा, कॅनडातला. उन्हाळ्यात हॉकीची स्टेडियमं रिकामी पडायची. मालकांनी रिकामी खोली भाड्याने लावावी तसं लॅक्रोस आत आणलं.

आता जॉन टॅव्हारेसबद्दल बोलू द्या, कारण त्याच्यावर मी तासभर बोलू शकते. टोरांटोकडचा माणूस, पेशाने शाळेत गणिताचा शिक्षक. बँडिट्सकडून 1992 ते 2015 असे 24 हंगाम खेळला आणि 815 गोल केले. या लीगमध्ये फक्त खेळून घर चालणं अवघड. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवार-रविवारी सामना खेळायचा, असं कित्येकांचं आयुष्य. संघाच्या पहिल्या चार विजेतेपदांत तो खेळाडू होता, नंतरच्या तिन्हींत मुख्य प्रशिक्षक. सातही कपांना त्याचा हात लागलाय. तरी इंटरनेटवर त्याचं नाव टाकलं की आधी हॉकी खेळणारा जॉन टॅव्हारेस येतो. तो याचा सख्खा पुतण्या. पुतण्या चांगला खेळतो, माझी तक्रार नाही. पण काकाला 'त्याचा काका' म्हणतात तेव्हा चिडचिड होते.

आणि पहिल्या संघातले ते किलगोर बंधू! रिच कर्णधार, डॅरिस पुढे प्रशिक्षक झाला आणि 2008 चा कप त्याच्याच हाताखाली आला. दोघं टस्करोरा, नायगारा धबधब्याजवळच्या त्यांच्या राखीव वस्तीतले. टस्करोरा म्हणजे होदेनोशोनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या महासंघातलं सहावं राष्ट्र. लॅक्रोस मुळात त्यांचंच. निर्मात्याने दिलेला खेळ, त्याला आनंद व्हावा म्हणून आणि आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून खेळायचा, अशी त्यांची श्रद्धा. 1867 मध्ये माँट्रियलच्या एका दंतवैद्याने, जॉर्ज बीअर्सने, त्याचे नियम लिहून काढले. आणि 1880 मध्ये कॅनडाच्या लॅक्रोस संघटनेने मूळ रहिवाशांनाच स्पर्धेतून बाहेर काढलं. का, तर ते खेळायचे पैसे घेतात! लांबच्या गावी सामन्याला जायचं तर प्रवासखर्च कुठून आणायचा, हे कोणी विचारलं नाही. ज्यांचा खेळ, तेच 'धरत नाहीत'. म्हणून 1992 च्या त्या संघाच्या फोटोत रिच आणि डॅरिस दिसले की मला ती नुसती स्थानिक पोरांची भरती वाटत नाही.

मे 2025 मध्ये कॅनडातल्या सॅस्कॅचवानच्या संघाविरुद्धचा अंतिम फेरीतला निर्णायक तिसरा सामना घरच्याच मैदानावर झाला. दुसऱ्या दिवशी घसा पार बसला होता. भावाला कपाचा फोटो पाठवला. उत्तर आलं, "छान, पण खरं सांग, लॅक्रोसचं कोणाला काय पडलंय?"

मग मी त्याला थोडा इतिहास पाठवला. ही लीग 1987 मध्ये चार संघांवर सुरू झाली, त्यातला एक न्यू जर्सीचा होता. न्यू जर्सी सेंट्स. 1988 चं विजेतेपद त्यांचंच. नंतर संघ न्यू यॉर्कला गेला, नाव बदललं, आणि भावाच्या राज्यात ते आता कोणाला आठवतही नाही.

खाली लिहिलं, "हे तरी धरायचं का रे?"

दोन निळ्या टिका दिसतात. उत्तर अजून नाही.