वय हे एकच कारण नाही

प्राणिसंग्रहालयांतल्या वाघ-सिंहांच्या आजारांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की पिंजऱ्यातले वाघ-सिंह जास्त जगतात, म्हणून म्हातारपणी त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे अर्धंच खरं आहे. चित्त्यांचंच बघा. नामिबियातल्या मोकळ्या चित्त्यांच्या जठरातही हेलिकोबॅक्टर जिवाणू सापडतात, पण या जिवाणूंशी जोडला जाणारा गंभीर जठरदाह (जठराच्या अस्तराची सूज) त्यांच्यात क्वचितच. बंदिस्त चित्त्यांमध्ये मात्र तो सर्रास, आणि मूत्रपिंडाचे विकारही. पशुरोगतज्ज्ञ लिंडा मन्सन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ही तुलना मांडली. बंदिस्त चित्त्यांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकांचे अंशही जास्त आढळले आहेत, तेव्हा ताणाकडे बोट जातंच.

आहारावर लेखात एकच ओळ आहे, याचं वाईट वाटलं. सिंहाचा छावा मान कलती ठेवून झोकांड्या खात चालत असेल, तर 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता तपासायलाच हवी. तिच्यामुळे कवटीचं हाड जाड होऊन मेंदूवर दाब येतो. नुसतं लाल मांस घातलं आणि यकृत दिलंच नाही, की ही वेळ येते. म्हणून प्राणिसंग्रहालयांनी शवविच्छेदनाच्या नोंदींसोबत आहाराच्या नोंदीही संशोधकांना खुल्या कराव्यात, अशी कळकळीची विनंती.