कुणाचा फोन आलाय ते खिशातूनच कळलं पाहिजे

"रिंगटोन म्हणजे पोरखेळ. फोन थरथरला की उचलायचा, संपलं," असं म्हणून बापूंनी विषय मिटवायला बघितला, आणि तिथूनच तो पेटला.

मिरजेत सतारमेकर गल्लीपासून थोडं पुढं, चहाच्या गाड्याजवळ आमचा कट्टा. बापू वायरिंगची कामं करतात, त्यांचा फोन बारा महिने व्हायब्रेटवर. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेत. पिंट्या कॉलेजात आहे. ताई दवाखान्यात नर्स आहेत, ड्युटी सुटली की पाच मिनिटं थांबतात. आणि एकाला आम्ही उस्ताद म्हणतो, त्याच्या घरात तीन पिढ्या तंबोरे बनतात.

ताईंनी बापूंना लगेच अडवलं. "बापू, तुम्ही शिडीवर, फोन खाली पिशवीत. थरथरला तर कळणार कुणाला? आणि कळला तरी एवढंच कळतं की कुणीतरी आहे. वॉर्डातला फोन आहे की लोनवाल्याचा, हे मला स्क्रीन न बघता कळायला पाहिजे. हातात ग्लोव्ह्ज असतात माझ्या."

माझंही मत ताईंसारखंच. रिंगटोन हौसेसाठी नसते, ती निरोप्या असते. फोन आलाय हे तिनं सांगायचंच, पण कुणाचा आलाय हेही सांगायचं.

पिंट्यानं मोठ्या अभिमानानं स्वतःची वाजवून दाखवली. सुरुवातीला लांब, हळू आलाप, मग कुठंतरी लांबून बासरी. गाणं सुरू व्हायच्या आधीच उस्तादनं हात वर केला. "अरे लेका, तुझं गाणं रंगात येईपर्यंत समोरचा फोन ठेवून मोकळा!"

तो बरोबर बोलत होता. मोबाईलवर फोन न उचलल्यास घंटी किती वेळ वाजवायची, हे ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनं २०१९ च्या नोव्हेंबरात ठरवून दिलं: मोबाईलला ३० सेकंद, लँडलाइनला ६०. म्हणजे मोबाईलवर एकूण अर्धा मिनिट हातात. त्यातले दहा सेकंद आलापात गेले तर फोन पिशवीतून काढायला राहिलं काय? गाणं आवडतं म्हणून ते पहिल्यापासून लावणं, ही रिंगटोनमधली सगळ्यात मोठी गफलत. गाण्याचा जो तुकडा ऐकताच ओळखू येतो तिथंच कात्री लावायची, आणि तो पहिल्या दोन-तीन सेकंदांत वाजला पाहिजे. वीस-पंचवीस सेकंदांचा तुकडा भरपूर झाला.

अण्णांना हे पटेना. "अभंग मधूनच कापायचा? धृपद पण पुरं नाही? हे बरं दिसत नाही."

"मग अभंग रिंगटोनला लावूच नका, अण्णा," ताई शांतपणे म्हणाल्या. "एरवी निवांत ऐका. रिंगटोन केली की तोच अभंग अर्धवट तोडून उचलावा लागतो, रोज दहा वेळा."

मला हे फार पटलं. जे सूर जिवापाड आवडतात ते घंटीला बांधू नयेत. काही महिन्यांत तेच सूर कुठंही कानावर पडले की हात खिशाकडे जातो, आणि गाणं ऐकायचं राहूनच जातं.

मग वाद आवाजाच्या जातीवर गेला, आणि इथं उस्तादला आवरणं अवघड झालं. पिंट्याचं म्हणणं, मिरजेचा माणूस म्हणून आपण तंबोऱ्याचीच रिंगटोन करू. उस्ताद म्हणाला, "नको. तंबोरा भरून राहतो, हाक मारत नाही. तार छेडली की आवाज हळूहळू फुलतो. जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, छान लागलेली असेल तर वरचे स्वर फोनमधनं पण ऐकू येतील, पण दचकून बघावं असं त्यात काही नसतं. सतारीवर मिजराबचा, म्हणजे बोटातल्या तारेच्या नखीचा, 'दा' हा बोल घे. लखकन येतो."

यामागं साधं कारण आहे. फोनचा स्पीकर नखाएवढा; खर्जातलं त्याला पेलत नाही. डग्ग्याची घुमारी, ढोलाचा दणका हे स्टुडिओत कितीही भारी असलं तरी खिशातून नुसती धडधड येते. माणसाच्या कानाला साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यातलं सगळ्यात चटकन ऐकू येतं. म्हणून हलगीची काडी, घुंगरू, टाळ, सायकलची घंटी हे बाजाराच्या गलक्यातही वर येतात.

"मला तर ती किणकिण ऐकूच येत नाही," अण्णा म्हणाले, आणि एकदम सगळे गप्प झाले. वय वाढतं तसं आधी वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. पिंट्याला जे टोकदार लागतं ते अण्णांपर्यंत पोचतही नसेल. त्यांच्यासाठी मधल्या पट्टीतलं हवं: हार्मोनियमचे मधल्या सप्तकातले दोन ठसठशीत स्वर, किंवा सरळ माणसाचा आवाज. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा फोन आपण सेट करून देतो तेव्हा स्वतःच्या कानाला गोड वाटलं ते लावतो. तसं करू नये. टोन वाजवून त्यांना शेजारच्या खोलीत उभं करावं आणि विचारावं.

जुन्या नोकियाचं नाव निघालं नसतं तरच नवल. ३३१० मध्ये बटणं दाबून सूर रचता यायचे, १ ते ७ म्हणजे सात सूर. अण्णांनी त्यात एक भूपाळी बसवली होती म्हणे. ती प्रसिद्ध नोकिया ट्यून फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाच्या १९०२ च्या रचनेतून घेतलेली. उस्तादला हे माहीत नव्हतं. तो खूश झाला, "बघा, तिथं पण छेडलेली तारच!"

करायचं कसं, हे पिंट्यानं बापूंच्याच फोनवर दाखवलं. रेकॉर्डरवर आवाज घ्यायचा, कापायच्या अ‍ॅपमध्ये पुढचं-मागचं छाटायचं, शेवटाला आवाज किंचित उतरवायचा. मग ती फाइल फोनमधल्या 'रिंगटोन्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची. हे बरेच जण करत नाहीत. फाइल डाउनलोडमध्येच पडलेली असते, जागा रिकामी करताना उडते, आणि फोन गुपचूप कंपनीच्या टोनवर परत जातो. आयफोनचं प्रकरण निराळं. तिथं गॅरेजबँड नावाच्या अ‍ॅपमधून तुकडा काढून रिंगटोन म्हणून पाठवावा लागायचा, अलीकडच्या आयओएस २६ मध्ये तीस सेकंदांच्या आतली फाइल सरळ लावता येते.

त्यानंतरचं महत्त्वाचं: कॉन्टॅक्ट उघडून त्या माणसापुरती वेगळी रिंगटोन. पिंट्यानं वीस जणांना वीस टोन लावलेत. ते काही कामाचं नाही, लक्षात कोण ठेवणार? दोन किंवा तीन. घर, कामाचं ठिकाण, आणि ज्याचा फोन चुकवून चालणार नाही तो माणूस. बाकी सगळ्यांना एकच. व्हॉट्सअ‍ॅप कॉलची रिंगटोन मात्र वेगळी असते, अँड्रॉइडवर ती त्या माणसाच्या चॅटमध्ये जाऊन पुन्हा लावावी लागते. मुलं परदेशात असलेल्यांचे निम्मे फोन तिथंच येतात, आणि नेमकं तेच राहून जातं.

"आणि रात्री?" ताईंनी विचारलं. "मी झोपताना सायलेंट करते. आईचा फोन आला तर?"

सायलेंट नको, डू नॉट डिस्टर्ब लावायचं. अँड्रॉइडवर तारांकित केलेल्या नंबरांना त्यातून वाट देता येते, आणि पंधरा मिनिटांत तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर वाजू देण्याचीही सोय आहे. आयफोनवर कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्येच इमर्जन्सी बायपास असतो, म्हणजे फोन गप्प ठेवला तरी त्या माणसाचा वाजतो. ताईंनी तिथल्या तिथं आईच्या नंबरापुढं तारा केला.

बापू इतका वेळ चहा ढवळत बसले होते. "बरं. बाकी व्हायब्रेटच राहील माझं," ते म्हणाले. "आईच्या एकट्या नंबराला कायतरी लाव."

आता बापूंचा फोन व्हायब्रेटवर असताना एकट्या आईचा नंबर कसा वाजणार, यावर पिंट्या आणि मी भिडलो. व्हायब्रेटवर असला की कॉन्टॅक्टची टोनही गप्पच राहते, तेव्हा उपाय एकच: आवाज चालू ठेवायचा, सगळ्यांसाठी टोन 'काही नाही' करायची, व्हायब्रेशन तेवढं राहू द्यायचं, आणि आईच्या नंबराला वेगळी द्यायची. बापूंनी मान डोलावली. टोन कोणती, तर उस्ताद म्हणतो सतारीचा 'दा', पिंट्या म्हणतो हलगी. बापू ड्रिल चालवतात, त्या आवाजात काय टिकतं ते उद्या त्यांच्या साइटवर जाऊन दोन्ही वाजवून बघायचं ठरलंय.