शेजाऱ्याच्या दारात शहर वसवण्याची घाई

'सिव्हिलायझेशन ६' हा साम्राज्य उभारण्याचा कॉम्प्युटर गेम खेळणाऱ्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पहिला सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारी तुकडी, तयार झाला की त्याला थेट जवळच्या शेजाऱ्याच्या सीमेला नेऊन भिडवा, तिथे शहर वसवा. शेजारी तिथेच अडतो आणि मागची सगळी जमीन तुम्ही सावकाश भरू शकता. या सल्ल्याला शेपट्याही बऱ्याच आहेत: गव्हर्नर (शहरावर नेमायचा अधिकारी) बसवला की शहर टिकतं, डिटीवर, म्हणजे सर्वांत अवघड पातळीवर, तर दुसरा इलाजच नाही, वगैरे. शेजाऱ्याच्या दिशेने आधी पसरावं, इथपर्यंत मला मान्य आहे. वाद आहे तो अंतराचा. खालचे आकडे स्टँडर्ड स्पीडचे आणि 'राइज अँड फॉल', 'गॅदरिंग स्टॉर्म' ही दोन्ही विस्तारकं (मूळ खेळात भर घालणारे संच) चालू असतानाचे आहेत.

"सीमेवर शहर आलं की शेजारी अडतो."

कशाने अडतो? 'अर्ली एम्पायर' हे सिव्हिक (खेळात मिळवायचा सामाजिक शोध) पूर्ण होईपर्यंत तुमच्या सीमा सगळ्यांना खुल्या असतात. शेजाऱ्याचा सेटलर तुमच्या शहराला वळसाही न घालता, तुमच्याच हद्दीतून चालत मागे जातो. ते सिव्हिक झाल्यावर सीमा बंद होते हे खरं, पण नव्या शहराची हद्द असते ती मधली एक टाइल (नकाशाचं षटकोनी घर) आणि भोवतीच्या सहा. दोन राजधान्यांमधला पट्टा दहा-बारा टाइल रुंद असेल तर सात टाइलांनी त्याला कुलूप लागत नाही. दोन शहरांमध्ये तीन टाइल सुटल्या की खेळ नवं शहर वसवू देतो, आणि कॉम्प्युटर ओसाड टुंड्रासुद्धा सोडत नाही, हे दोन-चार डाव खेळलेल्या कुणालाही माहीत असतं.

"मागची जमीन कुठे पळून जाते?"

पळून जात नाही, महाग होते. पहिल्या सेटलरला 80 प्रॉडक्शन लागतं आणि पुढच्या प्रत्येकाला 30 जास्त: 110, 140, असं. शिवाय दर सेटलरमागे शहराचा एक नागरिक जातो. सेटलरची चाल टर्नला दोन. मध्ये टेकड्या नि जंगल असेल तर लांबच्या जागेला पोचेपर्यंत पाच-सहा टर्न सहज जातात. तेवढ्या टर्नमध्ये राजधानीपासून चार-पाच टाइलवर, नदीकाठी वसलेलं शहर पहिलं स्मारक बांधायला लागलेलंही असतं. गोड्या पाण्याच्या शहराला सुरुवातीलाच 5 हाउसिंग (लोकवस्तीची मर्यादा) मिळतं, पाणी नसलेल्याला 2. सीमेकडे धावताना पाणी पाहायला कुणाला वेळ असतो?

"गव्हर्नर बसवला की शहर टिकतं."

सगळा सल्ला या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे हिशेबच मांडतो. प्रत्येक नागरिक नऊ टाइलपर्यंत लॉयल्टीचा, म्हणजे शहराच्या निष्ठेचा, दाब टाकतो आणि दर टाइलला तो दाब दहा टक्क्यांनी घटतो. समजा, तुमचं नवं शहर शेजाऱ्याच्या राजधानीपासून 4 टाइलवर आणि तुमच्या राजधानीपासून 8 टाइलवर आहे. त्याच्या राजधानीत 5 नागरिक, म्हणजे 5 गुणिले 0.6, झाले 3. त्याचं दुसरं शहर 5 टाइलवर, 3 नागरिकांचं: 1.5. एकूण साडेचार. तुमच्या बाजूला नव्या शहरातला एकटा नागरिक, 1. आणि राजधानीतले 4 गुणिले 0.2, म्हणजे 0.8. एकूण 1.8. समोरचा दाब अडीचपट, आणि यात राजधानीच्या नागरिकांचं जादा वजन धरलेलंच नाही.

लॉयल्टी 100 पासून सुरू होते आणि या दाबाने टर्नला जास्तीत जास्त 20 नी घसरते. गव्हर्नर टर्नला 8 भर घालतो, स्मारक 1. त्याने घसरण मंदावते. शेजाऱ्याची दोन्ही शहरं वाढत असताना ती थांबेलच असं नाही. त्यात क्लासिकल युग उजाडताना तुमच्या वाट्याला डार्क एज आलं तर तुमच्या प्रत्येक नागरिकाचं वजन अर्धं होतं, आणि शेजाऱ्याला गोल्डन एज मिळालं तर त्याचं दीडपट. शून्यावर आलेलं शहर आधी फ्री सिटी (कुणाच्याच ताब्यात नसलेलं) होतं आणि मग बहुधा शेजाऱ्याच्याच ओटीत पडतं. म्हणजे 80 प्रॉडक्शन नि एक नागरिक खर्चून त्याला आहेर केला.

आणि तो गव्हर्नर फुकट येत नाही. सुरुवातीला हाताशी एखाद-दुसरीच गव्हर्नर टायटल, म्हणजे गव्हर्नर नेमायची किंवा त्याला बढती द्यायची संधी, असते. छंदशास्त्रकार पिंगल या खेळात पिंगला या नावाने गव्हर्नर आहे. तो राजधानीत बसला तर तिथलं सायन्स आणि कल्चर 15 टक्क्यांनी वाढतं. मॅग्नस या दुसऱ्या गव्हर्नरला प्रोव्हिजनची बढती दिली तर त्याच्या शहरातले सेटलर नागरिक न खाता निघतात. यातल्या एकाला एका नागरिकाच्या खेड्यावर पहाऱ्याला ठेवायचं?

"डिटीवर एआय तीन सेटलर घेऊन उतरतो, तिथे दुसरा इलाज नाही."

तीन सेटलर खरे आहेत. वरच्या हिशेबात शेजाऱ्याची दोनच शहरं धरली होती. डिटीवर तिसरंही मिळवा. त्याच्या सैनिकांना लढाईत वर 4 चा बोनस असतो, आणि तुम्ही त्याच्या उंबऱ्यावर वसलात की तो नाराजही होतो. शेजारी चंद्रगुप्त निघाला तर बघायलाच नको. सीमेला सीमा लागलेलं त्याला मुळातच खपत नाही.

इलाज आहेत. भेट झाल्या झाल्या 25 सोन्याचं डेलिगेशन पाठवा, जमलं तर मैत्रीची घोषणा करा. 30 टर्न युद्ध नाही. दोन-तीन स्लिंगर (गोफणवाले) काढा, त्यांच्यातल्या एकाने एखादी बार्बेरियन तुकडी मारली की आर्चरीचा युरेका, म्हणजे तो शोध लवकर लागण्याची सवलत, मिळतो, मग त्यांचे आर्चर करा. शहरं राजधानीपासून चार ते सहा टाइलवर, शेजाऱ्याच्या बाजूची आधी. अशी तीन शहरं एकमेकांना दाब देतात, आणि त्यांच्यामागे घुसून एआयने शहर वसवलंच तर लॉयल्टी त्याची घसरते. 'अर्ली एम्पायर' लवकर घ्या. सीमा तर बंद होतेच, शिवाय सेटलरवर 50 टक्के प्रॉडक्शन देणारं कॉलोनायझेशन हे धोरणाचं कार्डही त्यातच आहे. आणि मैत्री झालेली नसेल, शेजाऱ्याचा सेटलर राखणीशिवाय तुमच्या वॉरियरच्या शेजारून चाललेला दिसला, तर युद्ध पुकारून तोच धरावा. मला यात काही गैर वाटत नाही.

"पण आमचं तर नेहमी चालतं."

चालत असेल. ऑक्टोबर 2016 मध्ये खेळ आला तेव्हा लॉयल्टी नव्हतीच. ती फेब्रुवारी 2018 मध्ये 'राइज अँड फॉल'बरोबर आली. विस्तारकांशिवाय खेळणाऱ्याला हा सल्ला आजही लागू आहे. आधीच्या 'सिव्ह ५' मध्येही असं वसवलेलं शहर नुसत्या दाबाने हातचं जात नसे. तिथला अडसर दर शहरामागे येणाऱ्या 3 असंतोषाचा होता. नकाशात दोन डोंगरांमध्ये एका टाइलची खिंड असेल तर लांब जाऊनही ती धरावी, कारण तिथे सात टाइलांनी खरंच वाट बंद होते. आणि फिनिशियाची राणी डिडो घेऊन खेळत असाल तर हा सगळा हिशेब विसरा: फिनिशियाची आपल्या राजधानीच्याच खंडावर, किनाऱ्याला वसवलेली शहरं कायम शंभर टक्के निष्ठावान असतात. तिला घेऊन शेजाऱ्याच्या अगदी नाकासमोर बंदर उभारा.