हप्ता फिटला, पण कशातून?

नमस्कार. ‘गरिबाला कर्जाचा उपयोग झाला नसता तर त्यानं ते फेडलंच नसतं. ९९ टक्के वसुली हाच सामाजिक परिणामाचा पुरावा, बाकी मोजमाप म्हणजे सल्लागारांची पोटं भरणं,’ असं सूक्ष्मकर्जाबद्दलच्या (गरीब बायकांना गटातून मिळणाऱ्या छोट्या कर्जांबद्दलच्या) तुमच्या प्रतिक्रियेचं सार. तुमची उभी हयात बँकेत गेलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सल्लागारांवरून आपलं भांडण नाही. ‘गुंतवलेल्या रुपयामागे समाजाला चार रुपयांचा लाभ’ असं छापणारे गुळगुळीत अहवाल मीही चाळलेत. ते चार रुपये आले कुठून, असं विचारलं की नुसती गृहीतकं हातात पडतात.

वसुलीचा मुद्दा मात्र पटत नाही. हप्त्याच्या दिवशी गटातल्या एकीला पैसे कमी पडले, असं धरा. ती जावेकडून उसने घेते. नाहीतर दोन कोंबड्या विकते. नाहीतर दुसऱ्या फायनान्सचं कर्ज काढून हे भागवते. तेही जमलं नाही तर बाकीच्या बायका आपसात गोळा करून तिचा हप्ता भरतात, कारण तो भरल्याशिवाय वसुलीवाला उठत नाही आणि पुढचं कर्ज कुणालाच मिळत नाही. चारही वेळा वहीत नोंद एकच: हप्ता जमा. तुमचा ९९ टक्क्यांचा आकडा या नोंदींतूनच तयार होतो. कर्ज देणाऱ्याचा पैसा सुरक्षित आहे, एवढंच तो सांगतो.

आंध्रात हेच उघडं पडलं. ऑगस्ट २०१० मध्ये अशी कर्जं देणारी एसकेएस मायक्रोफायनान्स ही कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हा या धंद्याची वसुली अशीच अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव टक्क्यांत होती. कर्जदारांच्या आत्महत्या गाजल्या आणि ऑक्टोबरात राज्य सरकारनं अध्यादेश काढला: हप्ता महिन्यानं घ्या, दारात जाऊन वसुली करू नका. वसुली धाडकन कोसळली. पुढाऱ्यांनी ‘फेडू नका’ म्हणून फूस लावली, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंही आहे. पण बायका त्याच आणि त्यांचे धंदेही तेच होते; बदलला तो फक्त त्यांच्यावरचा दबाव.

मग मोजायचं कसं? हैदराबादेत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी १०४ वस्त्या निवडल्या. त्यातल्या चिठ्ठ्या टाकाव्या तशा निवडलेल्या ५२ वस्त्यांत स्पंदना या सूक्ष्मकर्ज देणाऱ्या संस्थेनं आधी शाखा उघडल्या, मग अभ्यासकांनी दोन्हीकडची घरं ताडून पाहिली. टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, चहा-तंबाखूसारखा खर्च घटला. घरटी एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, बाईचा घरातला शब्द यांत दखल घेण्याजोगा फरक नाही. म्हणजे सूक्ष्मकर्जाचे भाट आणि त्याला फास म्हणणारे, दोघांचीही पंचाईत!

असा अभ्यास सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेएवढ्या संस्थेला झेपायचा नाही, हे मान्य. पण माणदेशीचंच पाहा. २०१२ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशीनं चारा छावणी उभारली. त्या वर्षी बाजारात मातीमोल भावानं जाणारी गाय दावणीलाच राहिली, तर ती कुठल्या रकान्यात लिहायची? कर्जखात्यात तिचा मागमूस नसतो. माझ्या मते दुष्काळी तालुक्यात खरा परिणाम तोच, आणि तो मोजायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही. ‘मागच्या उन्हाळ्यात जनावर किंवा दागिना विकावा लागला का? मागचा हप्ता कशातून भरला?’ एवढे दोन प्रश्न दरवर्षी विचारले तरी पुष्कळ कळेल. फक्त ते वसुलीवाल्यानं विचारू नयेत. त्याला कोण खरं सांगणार?

अशा कर्जसंस्थांत पैसे गुंतवणाऱ्या ज्या फंडात तुम्ही पैसे घातलेत, त्याचा ताजा अहवाल असेल तर पाठवा. नवे कर्जदार किती, हे त्यात ठळक असणारच. गट सोडून गेलेल्या बायका किती आणि त्या का गेल्या, हे कुठल्या पानावर आहे तेवढं मला पाहायचंय.