क्वांटम कॉम्प्युटरबद्दलची माझी शंका नेमकी कुठे आहे

कोल्हापुरात हल्ली इंजिनिअरिंगच्या पोरांपासून शिरोलीच्या फौंड्रीवाल्यांपर्यंत सगळ्यांच्या बोलण्यात 'क्वांटम' येतंय. प्रश्न एकच असतो: हे खरंच चालणार का? जरा सविस्तर लिहितो.

तत्त्वात अडचण नाही. गेटमधली, म्हणजे क्यूबिटवर (क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटवर) केलेल्या एकेका क्रियेतली चूक एका मर्यादेखाली असेल आणि चुकांचं आपापसात फारसं साटंलोटं नसेल, म्हणजे त्या एकत्र येत नसतील, तर क्यूबिट वाढवून चूक हवी तितकी खाली आणता येते. १९९०च्या दशकातच हे गणिताने सिद्ध झालंय. माझी शंका त्यातल्या दुसऱ्या अटीबद्दल आहे. गिल कलाई हे इस्रायली गणितज्ञ गेली कित्येक वर्षं याच अटीवर बोट ठेवत आलेत.

डिसेंबर २०२४ मध्ये गूगलने १०५ क्यूबिटची विलो चिप जाहीर केली. तिच्यावर अंतर ७ चा सरफेस कोड चालला. हा चूक-दुरुस्तीचा कोड बरेच खरे (फिजिकल) क्यूबिट जोडून एक भरवशाचा (लॉजिकल) क्यूबिट बनवतो; अंतर जितकं जास्त तितक्या जास्त चुका तो पचवतो, पण क्यूबिटही जास्त लागतात. त्यात चुका तपासायच्या दर फेरीला ०.१४३ टक्के लॉजिकल चूक मिळाली. अंतर दोनने वाढवलं की चूक २.१४ पटीने घटत होती. हे मोठं यश आहे आणि ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण पुढचा हिशोब मांडा. चूक दहा लाखात एकवर आणायची तर अंतर २७ लागतं, म्हणजे एका लॉजिकल क्यूबिटसाठी १,४५७ फिजिकल क्यूबिट. तेही घट पुढेही त्याच दराने होत राहिली तर!

राहील का? त्याच प्रयोगमालेत अंतर २९ चा रिपिटिशन कोड (एकाच प्रकारची चूक पकडणारा साधा कोड) चालवला, तेव्हा साधारण तासाला एकदा, म्हणजे तीनशे कोटी फेऱ्यांमागे एकदा, बऱ्याच क्यूबिटवर एकदम चुका आल्या. आधीच्या एका चिपवर वैश्विक किरणांमुळे असा घाव दर दहा सेकंदांच्या आसपास बसायचा. त्यावर चिपच्या रचनेत उपाय झाला, तरी तासाला एक उरलीच. अंतर कितीही वाढवलं तरी एकत्र येणारी चूक त्याने जात नाही. तिचं मूळ शोधून तेच काढावं लागतं. आता हे शेजारी ठेवा: आरएसए-२०४८ (बँका आणि वेबसाइट वापरतात ते एनक्रिप्शन) फोडायला २०१९ च्या अंदाजाने दोन कोटी क्यूबिट आणि आठ तास लागत होते. गूगलचे संशोधक क्रेग गिडनी यांच्या मे २०२५ च्या अंदाजाने दहा लाखांहून कमी क्यूबिट, पण जवळपास आठवडाभर सलग काम. आठवड्याचे तास १६८, म्हणजे तासाला एक या दराने तेवढ्यात असे १६८ घाव. म्हणून मी नव्या चिपच्या बातमीत क्यूबिटचा आकडा नंतर बघतो. आधी अंतर वाढल्यावर चूक किती पटीने घटली ते आणि मग एकत्र येणाऱ्या चुका किती वेळाने आल्या ते बघतो.

दुसरी अडचण तारांची. चिप १०-१५ मिलिकेल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ, ठेवावी लागते. वरून येणाऱ्या प्रत्येक केबलमधली उष्णतेची गडबड टप्प्याटप्प्यावर अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे भाग) बसवून मारावी लागते. फ्रिजच्या तळाशी २० मिलिकेल्विनला उष्णता खेचायची ताकद मात्र काही मायक्रोवॅटच्या घरातली. शंभर क्यूबिटला हे जमतं. दहा लाखांना याच पद्धतीने जमणार नाही, रचनाच बदलावी लागेल.

ऊसतोडणीच्या टोळ्या आणि ट्रॅक्टरांचं वेळापत्रक 'क्वांटमने' लावून देतो, असं कुणी सांगत आलं तर कारखान्याने पैसे देऊ नयेत. अशा कामात हमखास मिळणारा फायदा बहुधा वर्गमुळाइतकाच, म्हणजे पायऱ्या पर्यायांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या आसपास लागतात. समजा एक लाख कोटी पर्याय आहेत. क्वांटमला सुमारे आठ लाख पायऱ्या लागतील, पण एरर करेक्शनसकट एका पायरीला दहा मिलिसेकंद धरले तरी दोन तासांवर जातात. प्रत्येकी सेकंदाला एक कोटी पर्याय तपासणारे साध्या कॉम्प्युटरचे ६४ कोअर तेच काम अर्ध्या तासाच्या आत उरकतात. शिवाय व्यवहारात सगळे पर्याय कुणी तपासतच नाही. आजचे सॉल्व्हर (वेळापत्रकं लावणारे प्रोग्रॅम) बरेचसे पर्याय न बघताच बाद करतात.

बँकांचं मात्र वेगळं आहे. आज चोरून साठवलेला एनक्रिप्टेड डेटा पंधरा वर्षांनी उघडला तरी ग्राहकाचं नुकसान व्हायचं ते होतंच. त्यामुळे माझी शंका खरी ठरेल या भरवशावर सहकारी बँकांनी बसू नये. अमेरिकेच्या निस्टने (तिथली मानकं ठरवणारी सरकारी संस्था) ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नयेत अशी तीन नवी मानकं जाहीर केली आहेत; गुप्त किल्ली ठरवण्याचं एमएल-केईएम त्यातलंच एक. आरएसए आपल्याकडे कुठे कुठे वापरात आहे याची यादी आधी करा: कोअर बँकिंग, एटीएम स्विच, व्हीपीएन, बॅकअप. मग प्रत्येक व्हेंडरकडून नव्या मानकावर कधी जाणार याची तारीख लेखी घ्या.