मास्टर सिलिंडर मोठा केला म्हणून ब्रेक वाढत नाही

गेले काही दिवस बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील जुन्या गाड्या बांधणाऱ्या हौशी मंडळींमध्ये एक संदेश मराठीत आणि कन्नडमध्येही फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मास्टर सिलिंडरचा (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा सिलिंडर) बोअर, म्हणजे आतला व्यास, जितका मोठा, तितके जास्त ऑइल ढकलले जाते आणि तितका ब्रेक दमदार लागतो, पेडल कडक लागले की ब्रेक उत्तम आहे असे समजावे, एक इंची सिलिंडर बसवला की बूस्टरची, म्हणजे पायाच्या जोरात भर घालणाऱ्या उपकरणाची, गरज उरत नाही, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले तरी ड्रम ब्रेकचा जुना चेक व्हॉल्व्ह (ऑइलच्या लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप) तसाच ठेवावा, आणि ब्रेक ऑइल डॉट 5 या वर्गाचे घ्यावे, कारण आकडा मोठा आहे. हा संदेश खानापूरला माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला नसता, तर कदाचित मी लिहिलेही नसते. तो एक जुनी जीप नव्याने बांधतो आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ठेवणार आहे, आणि मला विचारण्याआधीच त्याने एक इंची सिलिंडर मागवून टाकला.

मी आयुष्याची बरीच वर्षे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकच्या कामात काढली आहेत. ज्या गावात पंप आणि व्हॉल्व्ह बनतात, तिथे असला संदेश कोणीही न अडवता पुढे पाठवावा, याचा मला खरोखर राग आला.

पहिला मुद्दाच मुळात उलटा आहे. चाकाशी लागणारा जोर ऑइलच्या मापावर ठरत नाही. तो ऑइलच्या दाबावर आणि चाकाकडील पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो, आणि दाब म्हणजे पिस्टनवरचा जोर भागिले त्या पिस्टनचे क्षेत्रफळ. पास्कलचा नियम आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. ट्रक उचलणारा बाटली जॅक पाहा : हँडलकडचा पिस्टन बारीक आणि वजन उचलणारा जाड असतो. हँडलकडचा पिस्टन जाड केला तर जॅक अधिक वजन उचलेल, असे कोणताही मिस्त्री म्हणणार नाही. ब्रेकमध्ये मास्टर सिलिंडर हा हँडलकडचा पिस्टन आहे.

आकड्यांत सांगतो. पायाचा जोर 30 किलो आणि पेडलचे गुणोत्तर (पेडल पायाचा जोर किती पट करते ते) 6 धरले, तर पुशरॉडवर, म्हणजे मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलणाऱ्या दांड्यावर, 180 किलो येतात. पाऊण इंची सिलिंडरचे क्षेत्रफळ 2.85 चौरस सेंमी आहे, म्हणून दाब सुमारे 63 किलो प्रति चौरस सेंमी मिळतो. एक इंचीचे क्षेत्रफळ 5.07 आहे, म्हणून त्याच पायाने दाब 35.5 वर येतो. म्हणजे बोअर पाव इंचाने वाढवला आणि दाब जवळपास 44 टक्क्यांनी पडला. मी दोन्ही सिलिंडर एकाच पेडलला लावून प्रेशर गेजने तपासले आहेत. घर्षणामुळे दोन्हीकडे आकडे थोडे कमी आले, पण गुणोत्तर तेच राहिले.

कडक पेडलाबद्दलचा मुद्दा यातूनच निकालात निघतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत पेडल दाबून पाहिले की ते घट्ट लागते आणि मालक खूश होतो. तोच 63 चा दाब एक इंची सिलिंडरमधून काढायचा, तर पायाला 30 ऐवजी 53 किलो जोर लावावा लागतो. भाचा तरुण आहे, तो लावेलही. पण ती गाडी उद्या माझी बहीण चालवणार आहे, आणि चोर्ला घाटात समोर अचानक बस आली तर तिने पेडलवर अर्धे शरीर टाकावे काय?

सगळ्यांत घातक मुद्दा बूस्टरचा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ड्रममध्ये पुढचा लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जाऊन घट्ट बसतो, म्हणून जुन्या जीपचे ब्रेक बूस्टरशिवाय चालत आले. डिस्कमध्ये ही आपसूक मदत नसते. तिला जास्त दाब लागतो. म्हणजे गरज वाढली असताना दाब कमी करणारा सिलिंडर बसवायचा आणि वर बूस्टरही काढून टाकायचा, असा हा सल्ला आहे. मोठा बोअर बूस्टरबरोबर चालतो, कारण तिथे जोराची कमतरता बूस्टर भरून काढतो. बूस्टर नसेल तर बोअर लहान आणि पेडलचे गुणोत्तर सहाच्या आसपास ठेवावे लागते.

एक गोष्ट मात्र मला मान्य करावी लागेल, जरी संदेश लिहिणाऱ्याला ती उमगलेली दिसत नाही. फार लहान सिलिंडरही चालत नाही, कारण डिस्कचे पॅड आणि ड्रमचे लायनर टेकण्याइतके ऑइल त्याने ढकलले पाहिजे. भाच्याच्या गाडीत पुढे 54 मिमीचा एकेक पिस्टन आहे. तो अर्धा मिमी सरकेल असे धरले, तर दोन्ही चाकांना मिळून सुमारे 2.3 घनसेंमी ऑइल लागते. मागच्या 22 मिमीच्या चार पिस्टनांना दोन-दोन मिमी धरले तर आणखी तीन, असे एकूण साडेपाचच्या आत-बाहेर होते. पाऊण इंचीला त्यासाठी 19 मिमी सरकावे लागते, म्हणजे पायाखाली पेडल सुमारे 114 मिमी खाली जाते. ऑइलची रबरी नळी (होज) दाबाने फुगते ते धरले तर ते जमिनीला टेकण्याची भीती आहे. सात अष्टमांश इंचीमध्ये तेच काम सुमारे 83 मिमीत होते आणि दाब 46 च्या आसपास राहतो.

चेक व्हॉल्व्हबद्दल सांगायचे तर ड्रमचा व्हॉल्व्ह लाइनमध्ये सुमारे 10 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) दाब धरून ठेवतो. तो डिस्कच्या लाइनवर ठेवला तर पॅड डिस्कला घासत राहतात, ऑइल तापते आणि घाट उतरताना ते उकळले तर पेडल एकदम खाली जाते. जुन्या जीपप्रमाणे सिलिंडर पायाखाली, डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपेक्षा खाली असेल, तरच डिस्कसाठी 2 पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लावतात. डॉटचा आकडा मोठा म्हणून ऑइल सरस ठरत नाही : डॉट 5 हे सिलिकॉनचे ऑइल आहे; डॉट 3, 4 आणि 5.1 ग्लायकॉलची आहेत, आणि ही दोन प्रकारची ऑइले एकमेकांत मिसळायची नसतात.

एक इंची सिलिंडर अजून खोक्यातच आहे. तो परत देऊन सात अष्टमांशचा टँडेम (एकात दोन वेगळे भाग असलेला) सिलिंडर आणायला मी भाच्याला सांगितले आहे. तो बसवून एअर काढल्यावर पेडल किती खाली जाते ते आम्ही पट्टीने मोजू, बूस्टर लावायचा की नाही ते त्यावर आणि गेजच्या आकड्यावर ठरवू, आणि तोवर गाडी घाटात न्यायची नाही.