ब्रिटपॉप म्हणजे बीटल्सची झेरॉक्स? अजिबात नाही

२०२५च्या जुलैत ओएसिस हा ब्रिटिश बँड पुन्हा मंचावर आला आणि एक जुना आरोप नव्याने फिरू लागला: ब्रिटपॉप, म्हणजे नव्वदच्या दशकातली ब्रिटिश गिटार-पॉपची लाट, ही बीटल्सची झेरॉक्स, ऑगस्ट १९९५च्या ओएसिस-ब्लर भांडणातून वर्तमानपत्रांनी फुगवलेली, संगीत म्हणाल तर तीन कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर). यातलं काहीच नीट ऐकून लिहिलेलं वाटत नाही.

आधी नकलेचं बघू. ओएसिसवर बीटल्सची छाया आहे, त्यांची गाणी लिहिणाऱ्या नोएल गॅलाघरने ती कधी लपवली नाही. पण त्यांच्याच 'सिगरेट्स अँड अल्कोहोल'ची सुरुवातीची गिटार ऐका. ती टी. रेक्सकडून, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या ग्लॅम रॉककडून आलेली आहे. बाकीच्या ब्रिटपॉप बँडचं तर गोत्रच वेगळं. स्वेडच्या बर्नार्ड बटलरची धारदार, नाट्यमय गिटार डेव्हिड बोवी आणि द स्मिथ्सच्या वळणाची. ब्लरवर द किंक्सचा प्रभाव. शिवाय 'गर्ल्स अँड बॉइज'मध्ये खाली सरळसरळ डिस्कोचा ठेका, आणि वर ग्रॅहम कॉक्सनची खरखरीत, मुद्दाम वाकड्या वाटेने जाणारी गिटार. इलास्टिकाने उचललं ते वायर या पंक बँडकडून, आणि ते प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावं लागलं. उसनवारी झालीच. पण ती तीस वर्षांच्या ब्रिटिश संगीतातून झाली, एका बँडमधून नाही. या सगळ्यांना बांधणारी गोष्ट होती उच्चार: अमेरिकन ढब सोडून लंडन, मँचेस्टर, शेफील्डच्या बोलीत गाणं, आणि विषयही तिथल्याच गल्लीबोळांतले.

वर्तमानपत्रांचा मुद्दा तारखा लावल्या की कोसळतो. मार्च १९९३मध्येच आलेला स्वेडचा पहिला अल्बम क्रमांक एकवर गेला. ब्लरचा 'पार्कलाइफ' आणि ओएसिसचा 'डेफिनेटली मेबी' हे अल्बम १९९४चे, दोन्ही क्रमांक एक. पल्प हा बँड तर १९७८पासून झगडत होता. भांडणाच्या आठवड्यात, दोघांनी एकाच दिवशी सिंगल (सुटं गाणं) काढलं तेव्हा, ब्लरच्या सिंगलच्या सुमारे २,७४,००० प्रती खपल्या, ओएसिसच्या २,१६,०००. मथळ्यांनी ब्लरला विजयी ठरवलं. त्यानंतर लोकांनी अल्बम घेतले ते ओएसिसचे, आणि ऑगस्ट १९९६मध्ये इंग्लंडमधल्या नेबवर्थला त्यांच्या मैफलींना दोन दिवसांत अडीच लाख माणसं जमली.

"सगळी गोरी पोरं" असंही जोडीला ऐकू येतं. युनियन जॅकचा सोस होता, तेवढी टीका रास्त आहे. पण त्याच काळच्या इंग्लिश गिटार-पॉपमध्ये त्जिंदर सिंगचा कॉर्नरशॉप हा बँड होता. आपल्या आशाताईंच्या प्रेमात लिहिलेलं त्यांचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' १९९८मध्ये, डीजे नॉर्मन कुकच्या रीमिक्सच्या जोरावर, ब्रिटनमध्ये क्रमांक एकवर गेलं.

राहिले तीन कॉर्ड. पल्पचं 'कॉमन पीपल' खरोखरच सी, जी आणि एफ एवढ्यावर उभं आहे, आणि माझ्या मते त्या काळातलं सर्वात ताकदीचं गाणं तेच. सुरुवातीला गायक जार्विस कॉकर जवळजवळ बोलतो, कीबोर्ड एक साधी ओळ धरून राहतो. मग लय कळत-नकळत चढू लागते, गिटार आणि ड्रम थरावर थर घालत जातात. गाण्यातली श्रीमंत घरातली मुलगी सामान्यांसारखं जगून बघायचं म्हणते. तिच्यावरचा राग शब्दांइतकाच त्या चढत्या लयीतून पोचतो. मध्येच एखादा वेगळा, सुखावणारा कॉर्ड आला असता, तर तो ताण तिथेच सैल पडला असता.